दूरच्या दीर्घिकेतील अतिनवतारा कसा शोधावा आणि त्याची खात्री कशी करावी

१९ मे २०२३ रोजी, जागतिक वेळेनुसार १७ वाजून २७ मिनिटांनी, जपानमधील यामागाता येथील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षी तारकासमूहातील एम १०१ या दीर्घिकेच्या छायाचित्रात एक ठिपका आढळला. पूर्वीच्या छायाचित्रांत तो नव्हता. त्याची दृश्यप्रत, म्हणजे तेजाचे माप (आकडा जितका मोठा तितका तारा फिका), १४.९ होती, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधूक ताऱ्यापेक्षाही तो हजारो पटींनी फिका होता. सुमारे चार तासांनी इतागाकींनी त्याची नोंद आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे पाठवली, त्याच रात्री कॅनरी बेटांवरील दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला आणि २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका प्रचंड ताऱ्याचा तो स्फोट असल्याचे सिद्ध झाले. एसएन २०२३आयएक्सएफ या नावाने तो आता ओळखला जातो.

त्या क्षणी महाराष्ट्रात रात्रीचे १० वाजून ५७ मिनिटे झाली होती. अमावास्या होती, आणि एम १०१ आपल्याकडे याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ), उत्तर क्षितिजापासून सुमारे ५४ अंश उंचीवर होती. तिचे निरीक्षण करण्यासाठी याहून अनुकूल स्थिती आपल्या अक्षांशावर येतच नाही. म्हणून हे काम आपल्याकडूनही होण्याजोगे आहे, या विश्वासाने पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. ज्यांच्याकडे स्वतःची दुर्बीण आणि कॅमेरा आहे किंवा जे एखाद्या खगोलप्रेमी संस्थेची साधने वापरू शकतात, त्यांना ते उपयोगी पडावे.

एक गोष्ट आरंभीच मनात पक्की करावी. छायाचित्रात नवा ठिपका दिसणे हा या कामाचा लहानसा भाग आहे. तो ठिपका दुसरे काहीही नाही हे दाखवून देणे हा मोठा भाग आहे. साधनांची निवड, दीर्घिकांची यादी, छायाचित्रे घेण्याची पद्धत, हे सारे त्या उलटतपासणीला बळ मिळावे म्हणूनच ठरवायचे असते.

कशाचा शोध घ्यायचा

अतिनवतारे, म्हणजेच सुपरनोव्हा, मुख्यतः दोन मार्गांनी घडतात. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. दुसऱ्या मार्गात जोडताऱ्यातील श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा, साथीदारामुळे अस्थिर होतो आणि अणुकेंद्रीय ज्वलनाने संपूर्ण उडून जातो. श्वेत बटू याहून जड झाल्यास टिकत नाही, अशी खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी दाखवलेली सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाची मर्यादा याच संदर्भात महत्त्वाची ठरते. या दुसऱ्या प्रकाराला १-ए म्हणतात. त्याची निरपेक्ष प्रत (ठरावीक प्रमाण अंतरावरून दिसेल ती प्रत) उणे १९.३ च्या आसपास जात असल्याने, कन्या तारकासमूहातील सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांच्या पुंजात असा स्फोट झाला तर तो १२ व्या प्रतीपर्यंत उजळतो. गाभा कोसळून होणारा स्फोट त्याच अंतरावर साधारण १४ व्या प्रतीचा असतो, आणि धुळीमागे झाला तर आणखी फिका.

आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकेत शतकात सरासरी एक ते तीन अतिनवतारे अपेक्षित असतात. एकच दीर्घिका आयुष्यभर न्याहाळून काही मिळेल अशी आशा धरता येत नाही; शेकडो दीर्घिका वारंवार पाहाव्या लागतात. ऑस्ट्रेलियातील धर्मगुरू रॉबर्ट इव्हान्स यांनी शेकडो दीर्घिकांभोवतालच्या ताऱ्यांची रचना स्मरणात ठेवली होती आणि केवळ दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी ४० हून अधिक अतिनवतारे शोधले. आज त्यांच्या स्मरणशक्तीची जागा संगणकातील संदर्भचित्रे घेतात, तरी त्यांच्यातील सातत्याला पर्याय सापडलेला नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधील झेडटीएफ आणि हवाई, चिली व दक्षिण आफ्रिका येथे दुर्बिणी असलेली ॲटलास ही स्वयंचलित सर्वेक्षणे आज बहुतेक अतिनवतारे आधी टिपतात, हे मान्य करूनच या कामात उतरावे. २०२३आयएक्सएफ या नावातील अक्षरांचा क्रम मोजला तर ती त्या वर्षातील ६,७१४ वी नोंद ठरते, आणि तेव्हा मे महिनाही संपलेला नव्हता. तरीही त्या वर्षातील सर्वांत तेजस्वी अतिनवतारा एका हौशी निरीक्षकाच्या हाती लागला, कारण त्या वेळी कॅलिफोर्नियात सकाळचे साडेदहा वाजले होते. सर्वेक्षणांच्या दुर्बिणींवर दिवस असतो, ढग असतात, त्यांच्या फेऱ्यांमध्ये खंड पडतो. आशियातील रात्र ही त्या खंडांपैकी एक आहे आणि जवळच्या, मोठ्या दीर्घिकांमधील स्फोटाच्या पहिल्या काही तासांत आपल्याला खरी संधी मिळते.

साधने

२०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण, आकाशाच्या गतीबरोबर फिरणारी विषुववृत्तीय बैठक आणि कृष्णधवल सीमॉस कॅमेरा एवढ्यावर काम सुरू करता येते. शहरापासून दूर, बऱ्यापैकी काळोख्या आकाशाखाली अशा दुर्बिणीतून काही मिनिटांच्या एकत्रित छायाचित्रणात १७ व्या प्रतीपर्यंतचे तारे उमटतात. रंगीत गाळण्या लावू नयेत, कारण शोधाच्या टप्प्यावर जास्तीत जास्त प्रकाश हवा असतो. कॅमेऱ्याचा एक बिंदू (पिक्सेल) आकाशातील किती विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) व्यापतो ते काढण्यासाठी बिंदूचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे. ३.७६ मायक्रॉन आणि १,००० मिलिमीटर या जोडीला ०.७७ विकला मिळतात, ते उत्तमच. दीड विकलांपर्यंतही हरकत नाही. त्याहून मोठा बिंदू असेल तर दीर्घिकेच्या गाभ्याजवळचा तारा गाभ्याच्या उजेडातच विरघळून जातो.

बैठकीवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एका रात्रीत साठ-सत्तर दीर्घिकांकडे दुर्बीण वळवायची असेल, तर ती संगणकाच्या आज्ञेने अचूक जागी जाणे हे मोठ्या आरशापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

यादी आणि ऋतू

महाराष्ट्र आणि गोव्यातील निरीक्षकाला एक सोय निसर्गानेच दिली आहे. सिंह, कन्या, अरुंधती केश, श्यामशबल आणि सप्तर्षी या दीर्घिकांनी गजबजलेल्या भागांचा रात्रीचा मोसम फेब्रुवारी ते मे असा असतो, आणि आपले निरभ्र आकाशही त्याच महिन्यांत मिळते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस काम बंद पाडतो, तेव्हा यादीची दुरुस्ती आणि जुन्या छायाचित्रांची जुळवाजुळव करावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी वृषपर्वा आणि हंस यांच्या सीमेवरील एनजीसी ६९४६ ही दीर्घिका आवर्जून पाहावी. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिच्यात दहा स्फोट नोंदले गेले. त्यानंतर देवयानी, तिमिंगल या भागांतील दीर्घिका घ्याव्यात.

यादीत आपल्याकडे तोंड करून असलेल्या सर्पिल दीर्घिकांना प्राधान्य द्यावे. त्यांच्या भुजांमध्ये नवे, भारी तारे भरपूर असतात आणि मधली धूळही कमी आड येते. एम ६१, एम ६६, एम ५१, एम १०१ ही नावे आरंभाला पुरेशी आहेत. तेथून पुढे १० कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या शंभर-दीडशे दीर्घिकांपर्यंत यादी वाढवावी. एम ८२ आपल्याकडे जेमतेम ३९ अंश उंच येते आणि धुळीने भरलेली आहे, तरी तिला वगळू नये: २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनच्या विद्यापीठीय वेधशाळेत स्टीव्ह फॉसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तिच्यातच १-ए प्रकारचा एसएन २०१४जे सापडला. शोधाच्या वेळी तो जवळपास ११.७ प्रतीचा होता आणि मागाहून पाहता आधीच्या आठवड्यातील इतर निरीक्षकांच्या छायाचित्रांतही तो उमटलेला होता. ज्या रात्री छायाचित्र घेतले त्याच रात्री ते तपासावे, हा नियम एवढ्या एका उदाहरणावरूनच पाळण्यासारखा आहे.

संदर्भचित्रे

प्रत्येक दीर्घिकेचे स्वतःच्या दुर्बिणीने, स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतलेले चांगले छायाचित्र हा या कामाचा पाया आहे. महाजालावरील डीएसएस, पॅन-स्टार्स आणि स्लोन सर्वेक्षणांची छायाचित्रे खोलवर पोहोचतात आणि ती तपासणीसाठी लागतीलच, पण पहिली तुलना त्यांच्याशी करू नये. डीएसएसच्या छायाचित्रण-काचा निळ्या किंवा लाल प्रकाशात घेतलेल्या आहेत. त्यांत दीर्घिकेचा गाभा पांढरा फटक झालेला असतो, आणि आपल्या कॅमेऱ्यात त्याच गाभ्याजवळ दिसणारा एखादा हायड्रोजनचा तेजोमेघ तेथे नसल्यामुळे नवाच वाटतो. एकाच साधनाने घेतलेल्या दोन छायाचित्रांत असे फरक आपोआप गळून पडतात. प्रत्येक दीर्घिकेची एक अल्पकालीन आणि एक दीर्घकालीन अशी दोन संदर्भचित्रे ठेवावीत; पहिले गाभ्यासाठी आणि दुसरे फिक्या भुजांसाठी.

जुने छायाचित्र कधीही पुसून टाकू नये. इतागाकींनी ऑक्टोबर २००४ मध्ये यूजीसी ४९०४ या दीर्घिकेत एक अल्पजीवी ठिपका नोंदला होता, जो काही दिवसांत मावळला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, नेमक्या त्याच जागी एसएन २००६जेसी प्रकटला. तारा मरण्यापूर्वी आपले बाहेरचे थर उद्रेकाने फेकू शकतो, हे तोपर्यंत इतक्या थेटपणे कोणी पाहिलेले नव्हते. जपून ठेवलेल्या त्या नोंदीमुळे ते कळले.

रात्रीचे काम

प्रत्येक दीर्घिकेची तीस ते साठ सेकंदांची किमान पाच वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत आणि दर दोन छायाचित्रांमध्ये दुर्बीण काही बिंदूंइतकी मुद्दाम हलवावी. पाच मिनिटांचे एकच छायाचित्र घेण्याचा मोह टाळावा, कारण त्यात उमटलेला ठिपका आकाशातला की कॅमेऱ्यातला हे ठरवायला कोणताच पुरावा उरत नाही. संगणकाचे घड्याळ महाजालावरून जुळवून घ्यावे. दुर्बीण हव्या त्या दीर्घिकेवरच रोखली आहे हे ताऱ्यांची रचना ओळखणाऱ्या आज्ञावलीकडून, उदाहरणार्थ ॲस्टॅप किंवा ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट यांच्याकडून, लगेच पडताळावे. त्याच आज्ञावली छायाचित्रातील प्रत्येक बिंदूचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातील स्थान सांगणारे दोन आकडे, देतात, जे पुढे लागणारच आहेत.

दुर्बीण पुढच्या दीर्घिकेकडे वळत असताना आधीचे छायाचित्र आणि संदर्भचित्र एकावर एक ठेवून आलटून पालटून पाहावे. जुने तारे स्थिर राहतात. नवा ठिपका लुकलुकतो. दीर्घिकेच्या बाहेरच्या कडांपलीकडेही नजर फिरवावी, कारण अतिनवतारा गाभ्यापासून बराच दूरही असू शकतो.

ठिपक्याची उलटतपासणी

नवा ठिपका दिसला की आनंद होणे स्वाभाविक आहे, पण पुढची अर्धी घटका अतिशय थंड डोक्याने घालवावी. पहिला प्रश्न असा: तो पाचही छायाचित्रांत आहे का? एकाच छायाचित्रात असेल तर तो वैश्विक किरणाचा आघात किंवा उपग्रहावरून चमकलेला सूर्यप्रकाश असू शकतो. पाचही छायाचित्रांत आहे, पण कॅमेऱ्याच्या त्याच बिंदूवर चिकटून बसला आहे आणि ताऱ्यांबरोबर सरकत नाही, तर तो कॅमेऱ्याचा बिघडलेला बिंदू समजावा. दुर्बीण मुद्दाम हलवण्याचा उपयोग येथे होतो. ठिपक्याचा आकार शेजारच्या ताऱ्यांसारखाच गोल आहे का, तेही पाहावे. त्याच क्षेत्रात एखादा तेजस्वी तारा असेल तर भिंगांमधील परावर्तनाने खोटा ठिपका उमटतो. दुर्बीण थोडी वळवली की तो जागा बदलतो.

दुसरा आणि सर्वांत फसवा प्रश्न लघुग्रहाचा. कन्या आणि सिंह हे तारकासमूह आयनिक वृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गावर, आहेत, त्यामुळे तेथील दीर्घिकांसमोरून लघुग्रह सतत जात असतात. आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असलेला मुख्य पट्ट्यातील लघुग्रह तासाला साधारण तीस ते चाळीस विकला सरकतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा छायाचित्रे घेतली की त्याचे सरकणे सहज ध्यानात येते. मात्र वक्री-मार्गी होण्याच्या सुमारास लघुग्रह जवळजवळ थांबलेला असतो आणि तासाभरातही जागा सोडत नाही. अशा वेळी मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावर त्या जागेचे विषुवांश, क्रांती आणि वेळ देऊन ज्ञात लघुग्रहांची यादी तपासणे अनिवार्य आहे. एम १०१, एम ८१ या दीर्घिका आयनिक वृत्तापासून दूर असल्याने तेथे धोका कमी असतो, तरी ही तपासणी वगळू नये.

ग्रहसुद्धा फसवतात. मार्च २०१८ मध्ये एका व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने धनू राशीत अतितेजस्वी नवा प्रकाशस्रोत दिसल्याची सूचना जगभर पाठवली. तो मंगळ होता. त्यांनी तासाभराच्या आत जाहीर दुरुस्ती केली, ही गोष्ट मला त्या चुकीपेक्षा अधिक अनुकरणीय वाटते.

तिसरा प्रश्न आपल्याच आकाशगंगेतील रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचा आहे. दीर्घिकेच्या रेषेत पुढे असलेला तांबडा बटू तारा अचानक भडकला, तर काही मिनिटे ते तासभर तो हुबेहूब अतिनवताऱ्यासारखा दिसतो. त्या जागी पॅन-स्टार्सच्या खोल छायाचित्रात फिका लालसर तारा आहे का, गाया उपग्रहाच्या सूचीत त्याची स्वतःची गती नोंदली आहे का, आणि आव्सो (एएव्हीएसओ) या रूपविकारी तारे पाहणाऱ्या निरीक्षकांच्या अमेरिकी संस्थेच्या रूपविकारी ताऱ्यांच्या सूचीत तो आहे का, हे पाहावे. ठिपका दीर्घिकेच्या नेमक्या गाभ्यावर असेल तर तेथील कृष्णविवराभोवतीच्या द्रव्याची चढउतारही कारण असू शकते. असे ठिपके नोंदताना शेऱ्यात ते स्पष्ट लिहावे.

शेवटी तो आधीच कोणाला सापडलेला आहे का, ते पाहावे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हर या संकेतस्थळावर ठिपक्याच्या जागेभोवती दहा-पंधरा विकलांच्या त्रिज्येत शोध घ्यावा. बहुतेक वेळा तो तेथे आधीच नोंदलेला आढळतो. त्यामुळे खट्टू होऊ नये. आपली तपासणीची पद्धत योग्य आहे याचा तो पुरावा असतो.

मोजमाप आणि नोंद

तेथे नोंद नसेल, तर शक्य असल्यास दुसऱ्या ठिकाणच्या सहकाऱ्याकडून स्वतंत्र छायाचित्र मागवावे. पुण्यातील १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईतील खगोल मंडळ अशा संस्थांमधील अनुभवी निरीक्षकांशी आधीपासून ओळख ठेवली तर हे काम त्याच रात्री होते. दुसऱ्या रात्रीची वाट पाहणे सुरक्षित असले तरी जवळच्या दीर्घिकेच्या बाबतीत ते महागात पडते. स्फोट होऊन काही तासच झाले असतील, तर ताऱ्याभोवतीचा वायू स्फोटाच्या तीव्र प्रारणाने उजळलेला असतो आणि वर्णपटातील त्याच्या रेषा काही दिवसांत नाहीशा होतात. मरणाऱ्या ताऱ्याने शेवटच्या वर्षांत किती द्रव्य गमावले हे त्या रेषांवरूनच कळते. अर्जेंटिनातील रोसारियो येथे व्हिक्टर बुसो यांनी २० सप्टेंबर २०१६ रोजी एनजीसी ६१३ या दीर्घिकेची लागोपाठ छायाचित्रे घेतली, तेव्हा धक्कालहर ताऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर पडतानाचा उजेड त्यांत टिपला गेला. त्यांनी तातडीने इतरांना कळवले म्हणूनच पुढचे संशोधन होऊ शकले.

नोंदीसाठी ठिपक्याचे स्थान एका विकलेच्या आत अचूक हवे. प्रत मोजताना त्याच छायाचित्रातील ज्ञात प्रतीचे, साधारण तेवढेच तेजस्वी असे तारे तुलनेला घ्यावेत आणि दीर्घिकेचा पार्श्वप्रकाश वजा करण्यासाठी संदर्भचित्राचा उपयोग करावा. एक-दोन दशांश प्रतीची अनिश्चितता चालते. वेळ भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळेत लिहावी, आणि मध्यरात्रीनंतरच्या निरीक्षणात तारीखही बदलते याकडे लक्ष द्यावे. एक रकाना नवखे निरीक्षक उगाच दुर्लक्षितात, तो म्हणजे ठिपका नसलेल्या शेवटच्या छायाचित्राची तारीख आणि त्याची मर्यादा-प्रत, म्हणजे त्यात उमटलेल्या सर्वांत फिक्या ताऱ्याची प्रत. स्फोटाची वेळ या एका आकड्यामुळे बांधली जाते. यादीतील प्रत्येक दीर्घिका दर दोन-तीन रात्रींनी पाहण्याचा आग्रह याचसाठी धरायचा.

नेम सर्व्हरवर खाते उघडून ही माहिती भरली की ठिपक्याला एटी हे उपपद, वर्ष आणि अक्षरे असलेले नाव मिळते. वर्णपट घेऊन प्रकार निश्चित झाल्यावरच एटीचे एसएन होते. वर्णपटात हायड्रोजन असेल तर प्रकार २. हायड्रोजन नसून सिलिकॉनची ठळक रेषा असेल तर १-ए. सिलिकॉनची ती रेषा नसून हेलियम असेल तर १-बी, आणि तोही नसेल तर १-सी. हे काम मोठ्या दुर्बिणींचे आहे. भारतात लडाखमधील हान्ले येथील दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण अतिनवताऱ्यांचे वर्णपट घेते.

नोंदीनंतर

शोध लागल्यावर आपली दुर्बीण इतरत्र वळवू नये. १-ए प्रकारचा अतिनवतारा स्फोटानंतर सुमारे अठरा ते वीस दिवसांनी कमाल तेजावर पोहोचतो आणि मग किरणोत्सारी निकेलपासून कोबाल्ट व कोबाल्टपासून लोह होण्याच्या गतीने मावळत जातो. कोबाल्टचा अर्धायुकाल ७७ दिवस आहे. प्रकार २ मधील अनेक अतिनवतारे जवळपास शंभर दिवस एकाच तेजावर टिकून मग झपाट्याने उतरतात. हे चढउतार सलग मोजण्यासाठी मोठ्या दुर्बिणींकडे वेळ नसतो, हौशी निरीक्षकाकडे असतो. पहिल्या आठवड्यात रोज, पुढे दर तीन-चार रात्रींनी, शक्य तेथे प्रमाणित हिरवी आणि लाल गाळणी लावून, दर वेळी तेच तुलनेचे तारे घेऊन प्रत मोजावी आणि अनिश्चिततेसह आव्सोच्या संग्रहात पाठवावी. मे महिन्यात सापडलेल्या अतिनवताऱ्याची ही नोंद पावसाळ्याने तुटणार हे गृहीत धरून उत्तर भारतातील किंवा परदेशातील एखाद्या सहकाऱ्याला जूनपूर्वीच तुलनेच्या ताऱ्यांची आपली यादी पाठवून ठेवावी, म्हणजे दोघांची मोजमापे पुढे एकाच आलेखात जुळतील.